दोन इंजिनं लावायची तर ट्रान्सम कापण्याआधी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात शेडमध्ये बांधलेली 22 फुटी बोट रत्नागिरीहून खोल समुद्रात न्यायची, तर तिला 150 एचपीचं एक आऊटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून टांगायचं इंजिन, लावावं की 70 ची दोन? दोन लावा, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं राहतं. वजन फार वाढत नाही: 70 चं फोर-स्ट्रोक साधारण 120 किलोचं, 150 चं सुमारे 220 चं. दुसरी बॅटरी आणि वायरिंग त्यावर धरा.

गडबड होते ती उंचीत. ट्रान्सम, म्हणजे मागची उभी फळी, तळाच्या मधल्या कण्यापासून (कील) मोजून कापतात. एका इंजिनाला ते बरोबर आहे. जोडी मात्र मधोमध बसत नाही. दोन इंजिनांच्या मध्यरेषांत 28 इंच ठेवले तर प्रत्येक इंजिन कण्यापासून 14 इंच बाजूला जातं, आणि व्ही आकाराचा तळ तिथे वर चढलेला असतो. तळाचा कोन 20 अंश असेल तर 14 गुणिले 0.364 (20 अंशाचा टॅन्जंट), म्हणजे सुमारे पाच इंच. त्यामुळे कण्यापासून 25 इंच उंच ट्रान्समला जोडीसाठी 20 इंची शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत (प्रोपेलर) जाणारा दांडा, लागते. 25 इंची घेतली तर पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या पाच इंच खाली जाते. बोट जड ओढते आणि पाणी उडतं. उलट फार उंच बसवलं तर वळणात बाहेरच्या बाजूचं इंजिन वर येऊन पंखा हवा खातो. मागून लाट चढणं सोसायचं असेल तर ट्रान्सम कण्यापासून 30 इंच ठेवा आणि 25 इंची शाफ्ट घ्या. हे कागदावर ठरवा, प्लाय कापल्यावर नव्हे.

इंजिनाचे बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच. 304 डोळ्याला सारखाच दिसतो आणि चुंबकानेही फरक कळत नाही, म्हणून सर्टिफिकेट मागा. भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा, मग पुन्हा पाडा. नाहीतर प्लायमध्ये पाणी शिरतं.

आता दुसरं इंजिन घरी आणील का? एकाच टाकीत पाणी आलं तर दोन्ही एकाच मिनिटात बंद. म्हणून दोन टाक्या, दोन पाणी वेगळं करणारे फिल्टर, दोन बॅटऱ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे आणि बहुतेक आऊटबोर्डांची मर्यादा 10 टक्के असते. घेतानाच विक्रेत्याला लेखी विचारा. इथेनॉल पाणी ओढतं आणि ठरावीक प्रमाणानंतर पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. पावसाळ्यात बोट वर काढली की टाकी रिकामी करा.

उलट्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची इंजिनं 70 च्या गटात सहसा मिळत नाहीत, साधारण 115 पासून मिळतात. 70 ला दोन्ही एकाच दिशेची चालतात, स्टिअरिंग थोडं एका बाजूला ओढतं इतकंच. पिच, म्हणजे पंखा एका फेरीत जितकं पुढे सरकेल ते अंतर, असं निवडा की पूर्ण लोड घेऊन, फुल थ्रॉटलला मॅन्युअलमधल्या आरपीएमच्या वरच्या टोकाजवळ जाईल. एक इंच पिचने साधारण 150 ते 200 आरपीएम बदलतात.

ब्रँड निवडताना किंमत नंतर, आधी किनाऱ्यावर त्याचा मिस्त्री आणि इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) मिळतो का ते बघा. आंबा घाट चढून सामान आणायला रविवारी कोण येणार?

पहिल्या चाचणीत एक इंजिन बंद करून वर उचला. जोडीसाठी निवडलेला पंखा एकट्याला जड पडतो, बोट पाण्यावर उठत नाही. थ्रॉटल निम्म्यापेक्षा पुढे नेऊ नका, इंजिन गुदमरतं. तेव्हा जो वेग आणि लिटर-ताशी खर्च मिळतो, त्यावरून परतीचं पेट्रोल मोजा.