शुक्रवारी संध्याकाळी गणित बिघडलं तर

कोंबडी घेऊन येणारी गाडी कसारा घाटात अडकलेली, यीस्ट फुगायचं नाव घेत नाही आणि सूर्य मावळायला दोन तास उरलेले. नाशिकला कोशेर (ज्यू धर्मनियमांत बसणारं) मांस ठाण्या-मुंबईकडून मागवायचं, तर असा शुक्रवार अधूनमधून येणारच. अशा वेळी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणात सोडता न येणाऱ्या गोष्टी तीनच. दिवा, किद्दुश (वाइनच्या पेल्यावर म्हणायची प्रार्थना) आणि हमोत्सीसाठी (रोटीवर म्हणायच्या आशीर्वादासाठी) दोन अखंड रोट्या. बाकी सगळं बदलता येतं. सूर्यास्त मात्र थांबत नाही. जूनमध्ये इथे सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास, आणि दिवे लावायचे त्याच्या 18 मिनिटं आधी. त्यानंतर स्वयंपाक नाही. म्हणून हिवाळ्यात चार वाजताच ठरवून टाकावं, कोंबडीची वाट पाहायची की नाही.

सगळ्यात आधी किद्दुश उरकावा, कारण त्याला वेळ लागतो. गावाभोवती वाइनरी कितीही असल्या, तरी तिथली साधी बाटली किद्दुशला चालत नाही. कोशेर वाइन लागते. पण द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, हा प्रश्नच उरत नाही. ताजी द्राक्षं घरी पिळून काढलेल्या रसावर किद्दुश होतो. अर्धा किलो द्राक्षं धुऊन, देठ काढून पातेल्यात हाताने कुस्करावी आणि मलमलच्या फडक्यातून पिळावी. एक पेला भरून रस सहज निघतो. किद्दुशचा पेला किमान 86 मिली भरावा लागतो. हे सूर्यास्ताआधीच करायचं, कारण शब्बाथला द्राक्षं पिळायला मनाई आहे.

हंगाम नसेल तर आपलं बेने इस्राएली (महाराष्ट्रातल्या ज्यू) घरांतलं जुनं सरबत. 100 ग्रॅम काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा धुवाव्या, म्हणजे वरचं तेल जातं. मग 250 मिली पाण्यात तीन-चार तास भिजवाव्या. वेळ नसेल तर त्याच पाण्यात दहा मिनिटं उकळून झाकून ठेवाव्या. मनुका टम्म फुगली आणि बोटात दाबल्यावर गोड गर बाहेर आला, की कुस्करून गाळायच्या. इथे हटकून होणारी चूक म्हणजे सगळ्यांना पुरावं म्हणून वरून पाणी ओतणं. त्याने सरबत पुरतं, पण द्राक्षाची चव निघून जाते. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर शुक्रवारच्या रात्री रोटीवरही किद्दुश म्हणता येतो.

रोटीचं बघू. यीस्टची शंका असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवावं. फेस आला नाही तर ते गेलं. हल्ल्याचा (शब्बाथच्या यीस्ट घातलेल्या पावाचा) हट्ट सोडावा. पाणी फार गरम असलं की यीस्ट मरतं, उघड्या पुडीत सर्दावलं तरी मरतं. सरळ कणकेच्या जाडसर चपात्या लाटाव्या. दोन अखंड हव्या, म्हणून तीन-चार लाटाव्या. तव्यावर एखादी फाटतेच. घरात बाजरी-ज्वारीची भाकरी तयार असली तरी तिच्यावर हमोत्सी होत नाही. त्याला गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट (गव्हाचाच एक जुना प्रकार) यांपैकीच धान्य लागतं. बेकरीचा पाव आणला तर त्यात दूध-लोणी नाही आणि चरबीही नाही, हे विचारून घ्यावं.

कोंबडीच्या जागी मासा. खवले आणि पर असलेलाच: रोहू, कटला, बांगडा. कोळंबी, खेकडा, मुशी नाही. कोळ्याला खवले आपल्यासमोर काढायला सांगावं. सोललेला तुकडा घेतला तर तो कशाचा, हे कळायला मार्ग नाही. पाऊण किलो रोहूला कोथिंबिरीची एक जुडी, सहा हिरव्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं वाटून तेलात परतावं. हळद, मीठ, पाच आमसुलं, नारळाचं दुसऱ्या वेळचं पातळ दूध दोन वाट्या. उकळी आली की तुकडे सोडावे, सात-आठ मिनिटांत शिजतात. मग आच अगदी बारीक करून पहिलं घट्ट दूध एक वाटी घालायचं आणि उकळू न देता उतरवायचं. आमसुलाचा आंबटपणा आणि जोराची उकळी एकत्र आली की दूध फुटतं. फुटलं तरी चव जात नाही, टाकू नये.

जेवण गरम ठेवायला शेगडीवर लोखंडी तवा, खाली मंद आच, आणि त्यावर शिजलेला भात. हे सगळं दिव्याआधी. कालवण तव्याच्या कडेला, मधोमध नको, नाहीतर मासा कोरडा पडतो. सिलिंडर संपत आलाय असं वाटलं तर भात हॉटपॉटमध्ये भरून, जुन्या चादरीत गुंडाळून आधीच ठेवावा.

मेणबत्त्या नाहीत? काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर दोन बोटं खोबरेल, त्यात तरंगती वात. तेल संपलं की खालचं पाणीच वात विझवतं. आणि लाइट गेलेली असेल तर खोलीतलं एक बटण चालू करून ठेवावं, म्हणजे रात्री वीज आली की कुणाला बटणाला हात लावावा लागत नाही; शब्बाथला दिवा लावायचा नसतो. दार उघडताच लागणाऱ्या फ्रिजमधल्या दिव्याचं लक्षात राहत नाही. तो आधीच काढून ठेवावा.