तिसऱ्या दरीपाशी

त्या शनिवारची नोंद माझ्या वहीत अजून आहे: ‘काकू, तिसरी दरी, २७ वेळा.’

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत गेम डिझायनर आहे. तेव्हा आम्ही फोनसाठी धावत, उड्या मारत पुढे जायचा गेम करत होतो. सोपा, मध्यम, अवघड हे तीन पर्याय मी महिनाभर खपून बसवले होते. सोप्यात शत्रूचा मार निम्मा आणि नायकाला जीव जास्त, अवघडात शत्रूची ताकद दुप्पट. एक्सेलमध्ये सगळं जुळत होतं.

खालच्या मजल्यावर सीएच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या काकूंना मी प्लेटेस्टला, म्हणजे अर्धवट तयार गेम खेळून बघायला, बोलावलं. खेळणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम. काकूंनी ‘मध्यम’ निवडलं. दोन दऱ्या कशाबशा ओलांडल्या, तिसरीत नायक पडला. मग पडतच राहिला. दहाव्या खेपेनंतर त्यांनी स्वतःच ‘सोपा’ घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला नाही रे जमायचं हे.” तरी तिथेच पडत राहिल्या. त्यांचा तो आवाज मला फार लागला.

त्या दरीपाशी शत्रू नव्हताच, त्यामुळे मार निम्मा केल्याचा काही उपयोग नव्हता. मी स्क्रीन सोडून त्यांच्या हातांकडे बघू लागलो. उडीचं बटण दाबण्याआधी काकू दर वेळी नजर खाली नेऊन ते शोधत होत्या. तेवढ्यात नायक कडेवरून पुढे गेलेला असायचा. त्या चुकत नव्हत्या, त्यांना वेळ कमी पडत होता.

दुपारी सहकाऱ्याचा बारावीतला भाचा आला. त्याने ‘अवघड’वर शेवटच्या राक्षसाला पहिल्याच प्रयत्नात हरवलं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. “दादा, हा अवघड नाहीये, लांब आहे.” खरंच होतं ते. वीसऐवजी चाळीस वार करायचे, पण करायचं तेच.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर बदलणारी ६० चित्रं, धरली तर कडेवरून पाय सुटल्यावरही आम्ही ४ फ्रेम उडी मान्य करत होतो. गेम बनवणारे याला कायोटी टाइम म्हणतात. ४ फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. त्या मी १० केल्या. राक्षसाची ताकद मूळ आकड्यावर आणली, पण वार करण्याआधी तो हात उगारतो ती सूचना ‘अवघड’मध्ये ४० फ्रेमवरून २४ वर आणली.

काकूंना वेळ मिळावा म्हणून खेळाचा वेगही कमी व्हायला हवा होता, पण तो कसा, यावर वाद झाला. खेळाडू हरतोय हे बघून गेमनेच गुपचूप सोपं व्हावं, असं सहकाऱ्याचं मत. २००५च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये तसं आहेच आणि ते सुरेख जमलंय. पण काकूंसारख्या पैन् पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला नकळत सूट द्यायची, हे मला पटेना. २०१८च्या ‘सेलेस्ट’मध्ये खेळाचा वेग अगदी निम्म्यापर्यंत खेळाडूच उघडपणे कमी करू शकतो. मी तोच मार्ग धरला आणि मेनूतला ‘सोपा’ हा शब्दही काढला. तिथे फक्त ‘वेग’ लिहिलं आणि खाली आकडे.

सोमवारी काकू डबा खाऊन वर आल्या. वेग ७० टक्क्यांवर आणला. तिसरी दरी चौथ्या प्रयत्नात पार झाली. त्यांनी फोन खाली ठेवला नाही, मागेही वळून बघितलं नाही. पुढच्या दोन दऱ्या ओलांडल्या, मेनू उघडला आणि वेग ८० केला.

“काकू, दोन वाजत आले,” मी नियम मोडून म्हणालो.

“थांब रे जरा,” त्या म्हणाल्या.