तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन अमेरिकेचं, मग तेजस आपलं कसं?

केजला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याआधी वीस वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा मिस्त्री होतो, त्यातली बहुतेक मिग-21 या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानावर गेली. गावात मला 'पायलट' म्हणतात. मी विमान चालवलेलं नाही, फक्त उघडलंय, हे सांगून सांगून थकलो. ट्रॅक्टर उघडला की मालक बाकड्यावर बसतो, चहा येतो आणि चहामागून तो प्रश्न येतो. परवा नांदूरघाटकडच्या एका पाहुण्यानं तो असा विचारला: "फौजी, चाळीस वर्षं झाली म्हणे तेजसला. कामून लागायलेत एवढे? अन् इंजन तर अमेरिकेचंच बसवायलेत. मग त्यात आपलं काय?"

तेजस म्हणजे आपलं हलकं लढाऊ विमान. आधीच सांगतो, त्याला मी हात लावलेला नाही. बंगळूरच्या एअरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनात गर्दीत उभं राहून बघितलंय, तेही कॉकपिट सोडून झाकणं. सवय. लांबीला सव्वातेरा मीटरच्या आत, म्हणजे आपल्या एसटीहून थोडंसंच लांब.

चाळीस वर्षांचा हिशोब असा. मंजुरी 1983 ची, पण नमुना विमानं बांधायला पैसा सुटला 1993 ला. दहा वर्षं इथंच गेली. पहिलं उड्डाण 4 जानेवारी 2001, विंग कमांडर राजीव कोठियाल. 'तेजस' हे नाव वाजपेयींनी 2003 ला दिलं. पहिली स्क्वाड्रन जुलै 2016 मध्ये उभी राहिली आणि पूर्ण लढाईसाठीची मान्यता फेब्रुवारी 2019 मध्ये मिळाली. उशीर झाला, त्याला दुसरा शब्द नाही. तेजस ज्याच्या जागी यायचं होतं ते मिग-21 आमच्यासारख्यांनी तोवर ओढत नेलं. चंडीगडला 26 सप्टेंबर 2025 ला त्याला निरोप दिला आणि आदल्याच दिवशी आणखी 97 तेजसचा करार झाला. त्याआधीचा 83 चा करार 2021 चा.

आता 'आपलं काय' हा खरा प्रश्न. मिग-21 नाशिकजवळ ओझरला तयार व्हायचं. आपल्याच पोरांनी, आपल्याच जमिनीवर. पण नकाशा रशियाचा. मॅन्युअलमध्ये लिहिलं तसंच करायचं. एखादा भाग असा का, हे विचारायची सोय नव्हती. आपल्याकडं बटाईनं केलेलं शेत असतं ना, राबणं आपलं आणि सातबारा दुसऱ्याचा, तसं.

तेजसचा सातबारा आपल्याकडं आहे, आणि तो मुख्यतः एका गोष्टीत आहे. हे विमान मुद्दामच डळमळीत बनवलंय. तळहातावर काठी उभी तोलतात तसं. काठी पडायला सतत तयार, म्हणूनच ती पाहिजे त्या बाजूला चटकन झुकते. पण विमान तोलायला पायलटचा हात पुरत नाही. संगणक सेकंदाला कितीतरी वेळा पंखांच्या मागच्या फळ्या हलवत राहतो. या एका संगणकाच्या चार वाहिन्या, आणि एखादी वेगळं बोलायला लागली की बाकीच्या तिला बाजूला काढतात. गावच्या पंचांत असं झालं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो. हे सॉफ्टवेअर जुळवायला आपली माणसं अमेरिकेत काम करत होती. मे 1998 ला पोखरणला स्फोट झाले, निर्बंध आले आणि त्यांना परत यावं लागलं. मग ते काम बंगळुरात पुरं केलं. अडीच वर्षांनी विमान उडालं ते त्याच्यावर.

त्याचं फळ असं की आज एकाच विमानाखाली रशियाचं आर-73, इस्रायलचं डर्बी आणि आपलं अस्त्र ही तिन्ही क्षेपणास्त्रं लागतात. अस्त्र तेजसवरून पहिल्यांदा सुटलं 23 ऑगस्ट 2023 ला, गोव्याच्या किनाऱ्याजवळ. मिगच्या काळात असं काही जोडायचं म्हटलं की मॉस्कोकडं तोंड करून बसावं लागायचं. पाहुण्यांना मी एवढंच म्हणालो, "ज्याला झाकण उघडून आतलं बदलता येतं, त्याची ती वस्तू."

"अन् इंजन?" ते काही सोडणारे नव्हते.

इंजिनाचं उत्तर मला गोड करून सांगता येत नाही. कावेरी नावाचं आपलं इंजिन 1989 ला हाती घेतलं आणि 2008 ला तेजसपासून वेगळं काढलं. पुरेसा जोर मिळेना. जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवरून जो वायू जातो, तो पात्याची धातू वितळेल त्याहूनही तापलेला असतो. चुलीत मेणबत्ती उभी करायची आणि ती वितळू द्यायची नाही, असा तो प्रकार. त्यासाठी पातं एकाच स्फटिकाचं ओततात, आतून पोकळ ठेवतात, बारीक भोकांतून थंड हवा खेळवतात. हे ज्यांना जमतं ते देश बोटावर मोजावेत इतके, आणि ते शिकवत नाहीत, विकतात. म्हणून आपण जनरल इलेक्ट्रिकचं एफ-404 घेतलं. मार्क-1ए, म्हणजे तेजसच्या सुधारलेल्या आवृत्तीसाठी 99 इंजिनांचा करार 2021 ला झाला आणि त्यातलं पहिलं हातात पडलं मार्च 2025 ला. तोवर सांगाडे उभे.

माझ्या गॅरेजमागं बाभळीखाली एक ट्रॅक्टर असाच उभा होता. सगळं चकाचक, फक्त हायड्रॉलिक पंप नाही. 'आज येतो, उद्या येतो' करत पुरवठादारानं दोन महिने काढले, पेरणी निघून गेली, आणि मालक भांडायला कुणाकडं आला? माझ्याकडं. पाहुण्यांनी तो ट्रॅक्टर बघितलेला होता. त्यांनी मान हलवली आणि इंजिनाचा विषय सोडला.

आता मार्क-1ए. लोकांना वाटतं अपग्रेड म्हणजे वेग वाढला असणार. वेग तोच, इंजिन तेच. बदललंय ते आत. जुन्या रडारमध्ये थाळी डावी-उजवी फिरते. फिरते म्हणजे झिजते, आणि झिजली की आमच्याकडं येते. नव्या एईएसए रडारची थाळी हलतच नाही. तिच्यावर शेकडो बारके तुकडे असतात, प्रत्येक आपली लहर सोडतो, आणि त्यातले चार-दोन गेले तरी रडार आंधळं होत नाही. पायलटला ते दूरचं दाखवतं म्हणून आवडतं, मला ते सावकाश मरतं म्हणून आवडलं. शत्रूच्या रडारला गोंधळात पाडणारा जॅमर पहिल्या आवृत्तीला, म्हणजे मार्क-1 ला नव्हता, तो आता पंखाखाली आला.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा वर्तमानपत्रात एका ओळीची असते: देखभालीला सोपं केलं. ती एक ओळ वाचून मी उठून उभा राहिलो होतो. मिगचं इंजिन बाहेर काढायचं तर शेपटीकडचं अर्धं विमान सोडवून ट्रॉलीवर मागं ओढावं लागायचं. राजस्थानातल्या एका तळावर, मे महिन्यात, पत्रा हाताला चिकटेल इतका तापलेला. उपकरणाच्या एका डब्यापर्यंत पोचायला आधी दुसरे दोन डबे काढायचे. ते दोन्ही चांगले असायचे! पण हलवले म्हणून त्यांचीही पुन्हा चाचणी. माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर आजही पांढरे डाग आहेत, ते त्या फटीत हात घालून घालून सोलल्याचे. मार्क-1ए मध्ये बरेच डबे अशा जागी आणले आहेत की झाकण उघडलं, डबा काढला, दुसरा बसवला. विमान तासाभरात पुन्हा उडतं की दोन दिवस हँगरात पडून राहतं, हे असल्या गोष्टींवर ठरतं.

हे पहिल्याच विमानात का नव्हतं? कारण तेव्हा ते उडतं का, हाच प्रश्न होता. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या 2015 च्या अहवालात मार्क-1 ला हवाई दलाच्या अटींतून 53 बाबतींत सूट दिल्याचं आहे, 20 कायमच्या आणि 33 तात्पुरत्या. तेव्हा टीव्हीवर त्याची बरीच टिंगल झाली. मला मात्र तो अहवाल कामाच्या यादीसारखा वाटला. ट्रॅक्टर गॅरेजात येतो तेव्हा मीही अशीच यादी करतो, फक्त माझ्या यादीची बातमी होत नाही.

ओझरलाही आता तेजस बनतं, तिथल्या पहिल्या मार्क-1ए नं 17 ऑक्टोबर 2025 ला जाहीर उड्डाण केलं. माझ्या हाताखालचा पोरगा आयटीआय करून आलाय आणि अग्निवीर वायूच्या परीक्षेची तयारी करतोय. ती चित्रफीत त्यानं मला दिवसभरात चारदा दाखवली, चारही वेळा चाकं आत जातात तिथं थांबवून.

महिनाभरानं, 21 नोव्हेंबरला, दुबईच्या एअर शोत तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. त्या संध्याकाळी दुकानात आलेल्या प्रत्येकाला माझ्याकडून उत्तर पाहिजे होतं. मला रडार, इंजिन, अमेरिका काहीच आठवेना. प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म 700. उड्डाणाआधी त्यावर फिटर सही करतो, मग पायलट. मला त्या सहीवाल्या पोरांचे हात दिसत होते. मी कुणाशी बोललो नाही.

माझ्या गॅरेजात भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढली आहे. काम संपल्यावर पाना जागेवर दिसला नाही तर ट्रॅक्टर सोडायचा नाही, ही हवाई दलाची खोड. पोरगा रोज यावर कुरकुरतो, "काका, इथं कोण विमान उडवायलंय?" त्या दिवशी त्यानं मी न सांगता फळी मोजली. एकदा मोजून झाल्यावर परत पहिल्यापासून मोजली. दहा-अकराचा पाना उलटा लटकला होता, तो सरळ केला, आणि मग शटर ओढलं.