फोनवरचा छळ फोनपुरता नसतो

मुलाला ऑनलाइन कोणी त्रास देतंय हे कळलं की बहुतेक घरांत लगेच दोन गोष्टी होतात. समोरचं अकाउंट ब्लॉक होतं आणि मुलाचा फोन काढून घेतला जातो. दोन्ही काळजीपोटीच, पण ब्लॉकच्या घाईत पुरावा हातचा जातो, आणि फोन गेला की पुढच्या वेळी मूल तोंडच उघडत नाही.

छळ कशाला म्हणायचं, याची आजही वापरात असलेली व्याख्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाची. 1970च्या दशकात त्यांनी स्कँडिनेव्हियातल्या शाळांमध्ये या विषयावर काम सुरू केलं. त्रास मुद्दाम दिलेला हवा, पुन्हापुन्हा दिलेला हवा, आणि सोसणाऱ्याला सहज उलट उत्तर देता येणार नाही इतका ताकदीत फरक हवा. समोरासमोर ही ताकद डोळ्यांना दिसते: अंगबळ, वय, पाठीशी उभी असलेली टोळी. ऑनलाइन ती वेगळ्या ठिकाणी असते. ग्रुपचा अॅडमिन कोण, कोणाचा कसला फोटो कोणाकडे आहे, खरं नाव कोणी लपवलंय, यावर ती ठरते. वर्गातलं सगळ्यात किरकोळ अंगाचं पोरगंही एका फोटोच्या जोरावर दुसऱ्याला महिनोन् महिने धाकात ठेवू शकतं. आणि एकदाच टाकलेला फोटो तीस जणांनी फॉरवर्ड केला, तर सोसणाऱ्यासाठी ते तीस वेळा झालेलं असतं. म्हणून ‘मी तर एकदाच टाकला’ एवढ्यावर प्रकरण मिटवू नये.

सगळ्यात मोठा फरक मात्र बघ्यांचा, असं मला वाटतं. कॅनडात शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. एखादं मूल मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला होता. ‘ए, सोड त्याला’ एवढं पुरतं. ग्रुपवर हे कठीण होऊन बसतं. मेसेज वाचून गप्प बसलेल्या पंचवीस जणांची नापसंती कोणालाच दिसत नाही, दिसतात त्या फक्त तीन-चार हसऱ्या इमोजी. सोसणारं मूल त्या चार इमोजी मोजतं आणि अख्खा वर्ग आपल्याला हसतोय असं धरून चालतं. अशा वेळी ग्रुपवर भांडण न काढता एखाद्या मित्राने त्याला खासगीत ‘हे चुकीचं चाललंय, मी तुझ्या बाजूने आहे’ एवढं लिहिलं, तरी फार आधार होतो.

त्रास देणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट कमी होते. समोर चिडवताना ओठ थरथरलेला दिसतो, डोळे भरलेले दिसतात, आणि काही मुलं तिथेच थांबतात. पडद्यामागे तो लगाम राहत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 साली हे नीट मांडलं: नाव लपलेलं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, म्हणून माणूस एरवी बोलणार नाही ते लिहून जातो.

तरीही हे दोन वेगळे आजार मानू नयेत. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना प्रत्यक्षातही त्रास होत असतो, असं ओल्वेयस यांच्या आकडेवारीत दिसलं. म्हणून स्क्रीनशॉट बघून झाले की फोन बाजूला ठेवून विचारावं: हा तुला रोज भेटतो का? वर्गात कुठे बसतो? मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस? खरी अडचण कित्येकदा या उत्तरांत सापडते.

आता पुरावा. ब्लॉक करण्याआधी पूर्ण संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. नुसता शिवीचा मेसेज कापून घेतला तर ‘आधी यानेच सुरू केलं’ म्हणायला वाव राहतो. तारीख, वेळ आणि युजरनेम दिसलं पाहिजे. दिसणारं नाव कधीही बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. एकदाच उघडणारे किंवा आपोआप पुसले जाणारे मेसेज दुसऱ्या फोनने टिपा, कारण काही अॅप स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत आणि काही समोरच्याला कळवतात. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्याय येतो, तो निवडू नका. इन्स्टाग्रामवर ब्लॉकऐवजी ‘रिस्ट्रिक्ट’ करता येतं: त्याच्या नव्या कमेंट इतरांना दिसत नाहीत आणि त्याला तसा निरोपही जात नाही. ब्लॉक केल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात सूड उगवला जाईल अशी भीती असेल, तिथे हे बरं पडतं.

नग्न किंवा खासगी फोटोंची गोष्ट वेगळी. फोटो अल्पवयीन मुलाचा असेल तर पुरावा म्हणूनही तो सेव्ह करू नका, कोणाला पाठवू नका; तसं करणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे. लिंक, युजरनेम, वेळ लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा. असे फोटो ऑनलाइन पसरू नयेत म्हणून, फोटो घेताना वय 18च्या आत असेल तर ‘टेक इट डाउन’, आणि प्रौढांसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ या मोफत सेवा आहेत. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो, आणि फोटो न पाठवता फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे त्यांना तो फोटो ओळखून हटवता येतो. एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या, चॅटमध्ये फिरणारा फोटो मात्र यातून सुटतो.

समोरासमोरच्या छळाचा पुरावा आपोआप उरत नाही, तो त्याच दिवशी लिहावा लागतो: जागा, वेळ, नेमके शब्द, जवळ कोण होतं. मग या नोंदी आणि स्क्रीनशॉट तारखेनुसार एकाच कागदावर आणा. दुपारी धक्काबुक्की आणि त्याच रात्री फेक अकाउंटवरून मेसेज, असं शेजारीशेजारी दिसलं की ‘ते शाळेबाहेरचं आहे’ म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत.

शाळेने दोघांना समोर बसवून हात मिळवायला लावायचं ठरवलं तर स्पष्ट नकार द्या. धाकात असलेलं मूल तिथे मान डोलावतं आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजतं. दोघांशी वेगवेगळं बोला, बसायच्या जागा बदला, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवायला मोठं माणूस नेमा, असं मागा. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने मुलाला एकट्याला विचारा, प्रत्यक्षातलंही आणि फोनवरचंही.