रोमचा मोकळा दिवस आणि ऑर्व्हिएतोचं पाणी

पुण्यातून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमात रोमला बऱ्याचदा एक ‘मोकळा दिवस’ असतो. त्या दिवशी काय करायचं हे आदल्या रात्रीपर्यंत ठरलेलं नसतं आणि मग दुकानं फिरण्यात दुपार होते. त्यापेक्षा नाश्ता झाला की सरळ तेर्मिनी स्टेशन गाठावं आणि ऑर्व्हिएतोला जावं. आधी काहीच बुक करावं लागत नाही. आणि ज्याचे पाय सिंहगड-राजगडावर घडलेत, त्याला हे गाव चटकन उमगतं. कारण हा एक गडच आहे. ज्वालामुखीच्या राखेच्या टफ दगडाचं पठार, चारी बाजूंनी ताशीव कडे आणि माथ्यावर अख्खं गाव. गडावर गेलं की आपण आधी पाण्याची टाकी शोधतो. इथेही सुरुवात पाण्यापासूनच करावी.

आधी गाडीचं बघू. तिकीट ‘रेजोनाले’चं घ्यायचं, म्हणजे साध्या गाडीचं. याचं भाडं ठरलेलं असतं, आयत्या वेळी घेतलं म्हणून वाढत नाही. प्रवास सव्वा ते दीड तासाचा. हमखास गोंधळ होतो तो फलकावर. तिथे ऑर्व्हिएतो मोठ्या अक्षरांत दिसत नाही, गाडी जिथे संपते ते गाव दिसतं, बहुधा फिरेंझे, म्हणजे फ्लोरेन्स. पण फिरेंझेच्या बहुतेक वेगवान गाड्या ऑर्व्हिएतोला न थांबता पुढे जातात. म्हणून गाडीचा क्रमांक तिकिटाशी ताडून बघा आणि मधल्या थांब्यांची यादी वाचा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. मोबाइलवरचं असेल तर ‘चेक-इन’ करायचं. हे राहिलं तर पैसे भरूनही दंड होतो, आणि ‘माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. तिकिटाच्या मशीनपाशी आपणहून मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाला नको म्हणा.

ऑर्व्हिएतोचं स्टेशन पायथ्याला आहे. बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडावर ओढली जाणारी उताराची गाडी. काही मिनिटांत वर नेते. आज ती विजेवर चालते, पण १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्यावर चालायची. वरच्या डब्याखालची टाकी भरली की तो जड होऊन खाली यायचा आणि त्याच ओढीने खालचा डबा वर जायचा. हेच तिकीट पुढे कॅथेड्रलपर्यंतच्या छोट्या बसला चालतं, तेव्हा फेकून देऊ नका. पण बसमध्ये लगेच चढूही नका. इथलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण वरच्या स्टेशनच्या शेजारीच आहे.

ते म्हणजे पोत्सो दि सान पात्रित्सियो, सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. कडे उंच असले तरी वेढा पडला तर पाण्याचं काय, ही त्याची चिंता होती. त्याने अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला कामाला लावलं आणि १५३७ साली, क्लेमेंटच्या मृत्यूनंतर, विहीर पुरी झाली. खोली सुमारे ५३ मीटर, रुंदी सुमारे १३ मीटर. मधल्या पोकळीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले आहेत. एकाने उतरायचं, तळाच्या छोट्या पुलावरून पाणी ओलांडायचं आणि दुसऱ्याने वर यायचं. दोन्ही जिने वाटेत कुठेच भेटत नाहीत.

साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली असेल तर फरक लगेच दिसतो. मोटेला बैल काठावर चालतात आणि मोट खाली जाते. इथे पखाली लादलेली खेचरं स्वतः पाण्यापर्यंत उतरायची. भरलेलं आणि रिकामं खेचर अरुंद जिन्यात समोरासमोर आलं तर सगळंच अडणार, म्हणून हे दोन जिने. पायऱ्याही खेचरांच्या पावलाच्या बेताने ठेवल्यात: ठेंगण्या, रुंद, पुढे कललेल्या. उतरताना भिंत बघत राहा. वर कोरलेला टफ आहे, खाली विटांचं बांधकाम सुरू होतं. टफच्या खाली चिकणमाती लागते, ती कोरून उभी राहत नाही, म्हणून विटा. पाणी सापडतं तेही या मातीमुळेच, कारण टफमधून झिरपलेलं पाणी तिच्यावर अडतं.

पायऱ्या २४८, म्हणजे पर्वतीच्या जवळजवळ अडीचपट. फरक असा की पर्वतीची चढण आधी असते, इथली शेवटी. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच खिडकीतून डोकावावं आणि बाजूच्या किल्ल्याच्या बागेत बसावं, दरीचा देखावा तिथून उत्तम दिसतो. तळाशी गारवा असतो, घाम आलेला असेल तर काहीतरी अंगावर घ्या.

कॅथेड्रल दुपारसाठी ठेवा. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, दुपारचं ऊन पडलं की सोनेरी मोझाइक उजळतं. सकाळी तेच सावलीत असतं. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं. बाजूच्या भिंतींवर पांढरे-काळे पट्टे आहेत, त्यातला काळा दगड बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा तोच. आत सान ब्रित्सिओच्या दालनात लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली, जगाच्या अंताची भित्तिचित्रं आहेत. कबरीतून उठणाऱ्या माणसांचे स्नायू नीट बघा. सिस्टिन चॅपेलमधला मायकेलँजेलोचा अंतिम न्याय याच्या ३० वर्षांनंतरचा आहे. कॅथेड्रलमध्ये जाताना आपले खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

गावाखाली टफमध्ये कोरलेल्या १,२०० च्या वर गुहा-तळघरं आहेत. त्यातली काही वाटाड्याबरोबर ठराविक वेळांनाच बघता येतात, म्हणून कॅथेड्रलच्या चौकात पोचल्यावर आधी वेळ विचारा.

जेवण दोनच्या आत. अडीचनंतर बरीचशी स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. इथला खास प्रकार उम्ब्रिकेल्ली: पीठ-पाण्याच्या हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो-लसणाच्या सॉसबरोबर. शाकाहारी असाल तर ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हणा आणि वर डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, हे वेगळं विचारा. चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असू शकतं, ज्यांना चालत नाही त्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, सांगावं. बिलातला ‘कोपेर्तो’ हा बसण्याचा आकार असतो, चूक नसते.

जवळचं दुसरं गाव, बान्योरेज्योचं चिविता, तेसुद्धा त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. तिथल्या बस मोजक्या आहेत, एक चुकली की दोन्ही गावं हातची जातात. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच टिपून ठेवा. संपाचा, म्हणजे ‘शोपेरो’चा दिवस असला तर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडतात. अशा दिवशी परतताना संध्याकाळी ६ नंतरचीच गाडी धरा, आणि ती हमीच्या यादीत आहे ना, एवढं खिडकीवर विचारून घ्या.