वाल्डरामचं न्हाणीघर

म्युनिकहून एस-७ लोकल पकडली की पाऊण तासात शेवटचं स्टेशन येतं, वोल्फ्राट्सहाउझेन. तिथून वाल्डराम वस्तीपर्यंत बस जाते, चालायची हौस असेल तर पायीही जमतं. पोचल्यावर दिसतं ते बव्हेरियातल्या कुठल्याही उपनगरात दिसेल तेच: उतरत्या छपरांची एकसारखी घरं, बुटकी कुंपणं, दाराशी टेकवलेल्या सायकली. कॅमेरा बाहेर काढावा असं काहीच नाही. मी आलो होतो ते नेमक्या याच घरांसाठी, कारण युरोपातली ज्यू विस्थापितांची, म्हणजे नाझींच्या तावडीतून वाचलेल्या पण परतायला घर न उरलेल्यांची, शेवटची छावणी इथे होती आणि ती १९५७च्या फेब्रुवारीत बंद झाली. महायुद्ध संपून तेव्हा जवळजवळ बारा वर्षं झाली होती.

वस्ती बांधली नाझींनी, शेजारच्या जंगलात लपवलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी. तेव्हा तिचं नाव फ्योरेनवाल्ड, म्हणजे पाइनचं रान. युद्धानंतर अमेरिकी सैन्यानं इथे विस्थापित आणून ठेवले आणि रस्त्यांना आपल्या राज्यांची नावं दिली: केंटकी, विस्कॉन्सिन, न्यू जर्सी. छावणी उठताना घरं एका कॅथलिक गृहनिर्माण संस्थेकडे गेली, पूर्वेकडून हाकलून लावलेली जर्मन कुटुंबं राहायला आली, गावाचं नाव वाल्डराम झालं आणि रस्त्यांना संत-बिशपांची नावं मिळाली. भिंती त्याच राहिल्या, पाट्या बदलत गेल्या. जुना नकाशा सोबत ठेवलात तरच कोणत्या कोपऱ्यावर उभे आहात ते कळतं.

बघायचं ते बाडेहाउस, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर. ही इमारत पाडायचं घाटत होतं. स्थानिक नागरिकांनी संस्था काढून ती वाचवली आणि २०१८ साली तिथे स्मृतिस्थळ उघडलं. कारभार मुख्यतः स्वयंसेवकांचा असल्यानं ते रोज उघडं नसतं. वेळ आधी तपासा आणि दोन-तीन तास हाताशी ठेवा.

आता आवाका. १९४५च्या शरद ऋतूत फ्योरेनवाल्ड फक्त ज्यूंसाठी राखून ठेवलं आणि १९४६च्या सुरुवातीला इथली वस्ती ५,०००च्या वर गेली. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, तीही साधारण ५,००० माणसांची. ज्यांनी वळिवड्याबद्दल वाचलंय त्यांना शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ, नाटकमंडळी हा सगळा संसार ओळखीचा वाटेल. फरक असा की वळिवड्याला आलेल्यांत बायका-मुलंच जास्त होती, तर इथे १९४५ साली लहान मुलं आणि म्हातारी माणसं जवळजवळ नव्हतीच. ती मारली गेली होती.

ज्यूंसाठी वेगळ्या छावण्या कशाला, हा प्रश्न तिथे फिरताना पडतोच. पहिल्या उन्हाळ्यात सैन्यानं माणसं राष्ट्रीयत्वावरून विभागली होती. पोलिश ज्यू पोलिश लोकांबरोबर, जर्मन ज्यूची गणती शत्रुराष्ट्राच्या नागरिकांत. त्यामुळे छळछावणीतून सुटलेला माणूस आणि कालपर्यंत नाझींना साथ देणारा, दोघं एकाच बराकीत यायचे. अंगावर घालायला कपडे नाहीत म्हणून कुणी छावणीचे पट्ट्यापट्ट्यांचेच कपडे घालून, तर कुणी चक्क एसएस या नाझी दलाचे गणवेश चढवून. छावण्यांची पाहणी करायला पाठवलेले अमेरिकी दूत अर्ल हॅरिसन यांनी ऑगस्ट १९४५मध्ये हे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना लिहून कळवलं आणि त्यानंतर जर्मनीच्या अमेरिकी ताब्यातल्या विभागात ज्यूंच्या छावण्या वेगळ्या झाल्या, शिधाही वाढून दिवसाला २,५०० कॅलरींवर गेला.

२,५०० म्हणजे भरपूर, असं कागदावर दिसतं. बाहेरच्या जर्मन नागरिकाच्या शिध्यापेक्षा तो खूपच जास्त होता आणि त्यावरून कुरबुरीही झाल्या. पण या कॅलरी आल्या कुठून ते बघा: पाव, बटाटे, डबाबंद मांस-मासे, वाळवलेली भुकटी. ताजं दूध, अंडी, फळं, हिरवी भाजी यांची कायमची चणचण. शिवाय जेवण सामाईक स्वयंपाकघरातून. हातात थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मोठ्या हंड्यातलं डावभर घ्यायचं, हे या माणसांनी आधी कुठे केलं होतं ते सांगायला नको. म्हणून मागणी असायची कोरड्या शिध्याची: आमचं आम्हाला द्या, आम्ही शिजवून घेऊ. पण एकेका घरात अनेक कुटुंबं, खोलीत मधे दोरीवर ब्लँकेट टांगून केलेली भिंत. चूल मांडायची कुठे?

ताज्या अन्नाची सोय मग अदलाबदलीतून व्हायची. ‘जॉइंट’ या अमेरिकी ज्यू मदतसंस्थेकडून आलेली कॉफी, चॉकलेट आणि सिगारेटी हे खरं चलन. राइशमार्कला किंमत उरली नव्हती आणि छावणीत काम करणाऱ्यांनाही मोबदल्यात सिगारेटी मिळत. त्या घेऊन आसपासच्या शेतकऱ्याकडे जायचं आणि अंडी, दूध, जमलं तर जिवंत जनावर आणायचं. जनावर जिवंतच हवं, कारण मांस कोशेर व्हायला ते धर्मनियमानं कापावं लागतं, बाहेरचं कापलेलं चालत नाही. अधिकारी याला काळाबाजार म्हणत. जर्मन शेजारीही म्हणत, आणि अंडी विकणारा तो जर्मनच असे, हे सोयीस्कर विसरत. २० जून १९४८ला नवा मार्क आला तशी सिगारेटींची सद्दी ओसरली.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, धरणाऱ्यांची आणखी एक कसरत. शुक्रवारी सूर्यास्तानंतर विस्तव पेटवायचा नाही. डिसेंबरात इथे साडेचारच्या आतच सूर्य बुडतो. म्हणजे शिधा दुपारी उशिरा हाती पडला की शनिवारचं जेवण थंड.

पुन्हा न्हाणीघराकडे येतो, कारण या इमारतीत मिकवे होतं. मिकवे म्हणजे धार्मिक स्नानाचं कुंड. ते नुसतं हौद बांधून नळ सोडला की होत नाही. पाणी आपसूक साठलेलं हवं, पावसाचं किंवा झऱ्याचं. किमान ४० सेआ पाणी लागतं; सेआ हे ज्यूंचं जुनं माप. लिटरमध्ये ते किती यावर रब्बींमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंमध्ये, एकमत नाही: कुणी ३३०च्या आसपास धरतं, कुणी ५७०च्या वर. ४० सेआ भरण्याआधी भांड्यातलं लिटर-दीड लिटर पाणी जरी त्यात ओतलं गेलं तरी सगळं बाद. छपरावरून पाणी आणणाऱ्या पन्हाळीतसुद्धा खळगा राहता कामा नये, कारण पाणी थांबेल असा खळगा म्हणजे भांडंच. थंडीच्या देशात पावसाच्या गार पाण्यात कोण उतरणार, म्हणून रूढ युक्ती दोन टाक्यांची: एकीत पावसाचं पाणी, शेजारच्या टाकीत नळाचं गरम. मधल्या भिंतीत भोक, दोन बोटं आत घालून फिरवता येतील एवढं. भोकातून दोन्ही पाणी एकमेकांना टेकलं की नळाचं पाणीही धर्माला मान्य. पहिली टाकी गळायला लागून कमी भरली तर मात्र बादलीनं भर घालता येत नाही. पावसाचीच वाट बघायची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर लग्नांसाठी. १९४५ ते १९४७ या काळात छावण्यांमध्ये लग्नांची रीघ लागली होती आणि धर्म पाळणारी वधू लग्नाआधी मिकवेत उतरते. क्लाउझेनबुर्गचे रब्बी येकुसिएल येहुदा हाल्बरश्टाम काही काळ याच छावणीत होते. त्यांची बायको आणि अकरा मुलं गेली होती. त्यांनी इथे तरुणांसाठी येशिवा, म्हणजे धर्मशाळा चालवली. (आपल्याकडची मुक्कामाची धर्मशाळा नव्हे, धर्मग्रंथ शिकायची.) पण लग्नात खरी अडचण पाण्याची नव्हती, पुराव्याची होती. आधीचा नवरा मेल्याचं सिद्ध झाल्याशिवाय बाईला दुसरं लग्न करता येत नाही, आणि गॅस चेंबरचा मृत्यूदाखला कुणी देत नाही. रब्बींची न्यायमंडळं मग साक्षी घेत: कोणत्या गाडीनं नेलं, ऑशविट्झच्या फलाटावर कोणत्या रांगेत उभं केलं, शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं.

म्हणून याद्यांना भारी मोल. अमेरिकी सैन्यातले रब्बी अब्राहम क्लाउझनर यांनी जून १९४५मध्येच वाचलेल्यांच्या नावांची पहिली छापील यादी काढली. भिंतीवर यादी लागली की लोक बोट फिरवत शोधत बसायचे. यादीतही फसगत व्हायची. एकच आडनाव पोलिश कारकुनानं एका तऱ्हेनं लिहिलेलं, जर्मन कारकुनानं दुसऱ्या, हंगेरियननं तिसऱ्या. अक्षरक्रमानं शोधणारा माणूस भावाच्या नावावरून पुढे निघून जाई. आरोल्झन इथल्या शोधकेंद्रानं शेवटी कार्डं उच्चाराप्रमाणे लावली. तिथे अब्रामोविच या एका आडनावाची ८००हून अधिक स्पेलिंगं आहेत.

दुसऱ्या दिवशी लँड्सबेर्गला गेलो. म्युनिकहून काउफरिंगला गाडी बदलायची. तिथली छावणी सैनिकी बराकींत होती. बघायला फार काही नाही, पण इथल्या छापखान्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ८ ऑक्टोबर १९४५ला यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत छावणीचं साप्ताहिक ‘लँड्सबेर्गर लागर-त्साइटुंग’ सुरू झालं. यिडिश लिहितात हिब्रू लिपीत, पण जर्मनीत हिब्रू अक्षरांचे छपाईचे खिळे शिल्लकच नव्हते. मग रोमन खिळ्यांनी, पोलिश वळणाच्या स्पेलिंगनं यिडिश छापलं. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो तसंच. ब्रिटिश विभागातल्या बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत उलटा मार्ग काढला: ‘उन्झर श्टिमे’ हे पत्रक हिब्रू लिपीत हातानं लिहिलं आणि चक्रमुद्रित केलं. फ्योरेनवाल्डच्या वर्तमानपत्राचं नाव होतं ‘बामिदबार’, म्हणजे वाळवंटात. ज्यूंच्या धर्मकथेत इजिप्त सुटलं, वचनाची भूमी अजून यायचीय, त्या मधल्या चाळीस वर्षांचं नाव.

त्या मधल्या काळात करायचं काय? जर्मन कारखान्यात राबायची बहुतेकांची तयारी नव्हती, आणि मला तरी त्यात आळस दिसत नाही. ‘ओआरटी’ या व्यवसाय शिकवणाऱ्या ज्यू संस्थेनं लँड्सबेर्गला शिवणकाम, सुतारकाम, रेडिओदुरुस्ती, मोटारदुरुस्ती असे वर्ग काढले. पॅलेस्टाइनला जायचं असलेल्या तरुणांनी शेती शिकायला जागा घेतल्या, त्यातली एक न्यूरेम्बर्गजवळ, ज्यूद्वेष्ट्या यूलियुस श्ट्राइखरच्याच मळ्यावर. छावणीत स्वतःचे पोलीसही असत. मार्च १९४६मध्ये श्टुटगार्टच्या छावणीत जर्मन पोलीस काळाबाजाराच्या झडतीसाठी घुसले आणि छळछावणीतून वाचलेला एक माणूस त्यांच्या गोळीनं मेला. त्यानंतर अमेरिकी सैन्यानं ज्यू छावण्यांत जर्मन पोलिसांना मज्जाव केला.

आणि जायचं कसं? पॅलेस्टाइनसाठी ब्रिटिशांचे परवाने महिन्याला १,५००, सगळ्यांचे मिळून. अमेरिकेचा १९४८चा विस्थापित कायदा म्हणे, २२ डिसेंबर १९४५पर्यंत छावणी विभागात पोचलेल्यांनाच प्रवेश. सोव्हिएत संघातून परतलेले आणि ४ जुलै १९४६च्या किएल्त्से इथल्या हत्याकांडानंतर पोलंडमधून पळालेले हजारो ज्यू या एका तारखेनं बाहेर राहिले. १९५०मध्ये ती अट सैल केली. तारीख जमली तरी पुढे कागद: जन्माचा दाखला, जो जळालेल्या गावात होता, अमेरिकेतल्या कुणाचं तरी हमीपत्र, चौकशी, आणि छातीचा एक्स-रे. एक्स-रेत क्षयाचा डाग दिसला की व्हिसा नाही. घरात एकाला डाग म्हणजे अख्खं कुटुंब थांबलं. इस्रायल झाल्यावर बाकीच्या छावण्या रिकाम्या होत गेल्या आणि अशी अडकलेली माणसं फ्योरेनवाल्डला गोळा झाली. इस्रायलला जाऊन, तिथे न निभावल्यानं परतलेलेही इथेच आले. डिसेंबर १९५१मध्ये छावणी जर्मन प्रशासनाकडे गेली. ज्यांच्यापासून सुटका झाली होती, त्यांच्याच कारकुनांपुढे अर्ज घेऊन उभं राहायचं. शेवटच्यांना जर्मन शहरांतच घरं देऊन हलवलं.

तुमच्याकडे तिसरा दिवस असेल तर दोन ठिकाणं आहेत. एस-४ ने गेल्टेन्डोर्फ आणि तिथून एकच स्टेशन पुढे सेंट ओट्टिलियनचा मठ. युद्धानंतर तिथे ज्यूंचं इस्पितळ होतं, २७ मे १९४५ला वाचलेल्या वादकांनी हिरवळीवर मैफल केली आणि पुढच्या तीन वर्षांत ४००हून अधिक बाळं जन्मली. दुसरं गाउटिंगची ज्यू दफनभूमी, एस-६ वर. मात्र शनिवार टाळा, शब्बाथला ज्यू दफनभूमीत जात नाहीत. गाउटिंगला विस्थापितांचं क्षयरुग्णालय होतं. ते इस्पितळ आजही फुप्फुसांच्या आजारांसाठीच चालतं. एक्स-रेत डाग निघालेल्यांपैकी जे तिथून बाहेर पडले नाहीत, त्यांच्या कबरी गावच्या स्मशानाला लागून आहेत.