हलणारी क्लीट

मामांची फायबरची बोट उजनीच्या पाण्यात, करमाळ्याच्या बाजूला असते. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना ते तिच्यातून फिरवून आणतात. पुढच्या डेकवरची क्लीट, म्हणजे दोर बांधायची दोन शिंगांची खुंटी, दोन वर्षांपासून हलत होती. मी सोलापूरहून गेलो की पाना लावून आवळायचो, आणि महिन्याभरात ती पुन्हा हलायला लागायची. शेवटी मामाच म्हणाले, "आवळून आवळून डेक चेपलास की रे. आत काय झालंय ते बघ आधी."

मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरलं तशी बोट काठावर ओढून ठोकळ्यांवर चढवली. पेचकसाच्या मुठीनं डेकवर ठोकत गेलो. कडेला टणटण वाजत होतं, क्लीटभोवती मात्र भद्द आवाज. चारही बोल्ट काढले आणि भोकात खिळा घातला, तर काळा, ओला भुगा बाहेर आला, अगदी चहाच्या चोथ्यासारखा.

डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि त्यांच्या मधे प्लायवूड. बोल्टच्या कडेनं पाणी मुरलं की प्लाय कुजतो. मग बोल्ट आवळला की मधला भाग दबतो, वरचा थर खचतो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. म्हणजे माझं आवळणंच दुखणं वाढवत होतं. वरून कुणीतरी पूर्वी सिलिकॉन फासलं होतं. ते खरवडून काढायला अर्धा दिवस गेला. त्याचा थोडा जरी अंश राहिला तरी त्यावर पुढचं काहीच नीट चिकटत नाही.

भोकं वरून 16 मिमीची केली, खालचा थर मात्र तसाच ठेवला. ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा बसवून आतला कुजका प्लाय चहूबाजूंनी कोरून काढला. त्या वेळी तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. फायबरची भुकटी अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. मग आठ दिवस नुसतं वाळू दिलं. आपल्याकडचं ऊन इथं फार कामाला आलं.

तेच ऊन पुढं नडलं. दुकानदार नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन देत होता, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की आपोआप तापून घट्ट होणारं रेझिन, जास्त घट्ट धरतं, म्हणून मी तेच घेतलं. सकाळी अकराला एकदम मोठा कप कालवला. पाचेक मिनिटांत कप हाताला चटका देऊ लागला, वाफा निघाल्या आणि सगळा माल दगड झाला. दुसऱ्या दिवशी सहालाच सुरुवात केली, एका वेळी थोडंसंच, तेही पसरट ताटलीत. खालून भोकांना टेप लावली. आधी पातळ इपॉक्सी सिरिंजनं आत सोडून लाकडाला पिऊ दिलं, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं मिश्रण काठोकाठ भरलं.

पक्कं झाल्यावर त्याच ठिकाणी बोल्टच्या मापाची भोकं पाडली. आता बोल्ट लाकडातून नाही, घट्ट इपॉक्सीतून जातो. पाणी आलंच तरी प्लायपर्यंत पोचत नाही. भोकांच्या तोंडाशी किंचित उतार दिला, म्हणजे सीलंट (फटी बुजवायची लवचीक पेस्ट) तिथं कड्यासारखं बसतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून 4 मिमी स्टेनलेसची पट्टी कापून, कोपरे गोल करून आणली होती. ती डेकच्या खालून लावली. पूर्वी तिथं नुसते छोटे वायसर होते, दोराचा सगळा झटका त्यांच्यावर यायचा.

पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लावून बसवताना वरून बोल्ट मी पान्यानं धरून ठेवला आणि मामांनी खालून फक्त नट फिरवला. बोल्ट फिरला की सीलंट फाटतं. चारी कडांनी ते सारखं बाहेर आलं तिथं थांबलो.

आठवड्यानं क्लीटभोवती दोन बादल्या पाणी ओतलं. मामा खाली वर्तमानपत्र धरून बसले होते. कागद कोरडा निघाला. पुढच्या रेलिंगचे दोन पाय अजून हलतात. पाऊस लागायच्या आत तेही उघडायचे आहेत.